औषधाच्या दुकानातील सवलतीचा हिशेब

झाशी हे नाव घेताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे किल्ला, राणी लक्ष्मीबाई आणि १८५७ सालची धामधूम उभी राहते. १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांशी तिचा विवाह ज्या गणेश मंदिरात झाला, ते मंदिर आजही त्या शहरात आहे. परंतु दतिया, टीकमगढ किंवा ललितपूरकडच्या खेड्यातून पहाटे निघालेल्या माणसाला झाशी जवळची वाटते ती निराळ्याच कारणाने. राणीचे नाव धारण करणारे वैद्यकीय महाविद्यालय १९६८ साली तेथे स्थापन झाले आणि बुंदेलखंडातील आजारी माणसांची पावले त्याच्याकडे वळू लागली. तपासणी आटोपली की रुग्णाचा मुलगा किंवा भाऊ हातात चिठ्ठी घेऊन बाहेर येतो आणि औषधांच्या दुकानांकडे पाहू लागतो. असे दृश्य झाशीतच नव्हे, तर नागपूर, सोलापूर, मिरज अशा प्रत्येक गावी दिसते. कोठे 'सर्व औषधांवर १५ टक्के सूट' असा फलक असतो, कोठे २० टक्क्यांचा, तर कोठे पुढच्या खरेदीच्या वेळी वळते करून घेता येतील असे गुण ग्राहकाच्या नावावर जमा करण्याची योजना असते. सर्वांत मोठा आकडा जेथे लिहिलेला असेल तेथे तो माणूस शिरतो. त्याचे हे करणे स्वाभाविक आहे. पण त्यामुळे त्याचे पैसे खरोखर वाचतात काय, याचा हिशेब तो क्वचितच करतो.

हा हिशेब करण्याजोगा आहे. रक्तदाब, मधुमेह, फेफरे यांसारख्या विकारांची औषधे एकदा घेऊन भागत नाही; ती महिन्यामागून महिना, बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. पैसे संपत आले की महिन्याच्या अखेरीस दोन गोळ्यांऐवजी एकच घेणे, किंवा एक दिवसाआड घेणे, हा अनेक घरांतील न बोललेला रिवाज आहे. भारतातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांना स्वतःच्या खिशातून करावा लागणारा भाग २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता; २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी खरी. तरीही शंभरातील एकोणचाळीस रुपये त्या सालीही घरातूनच गेले, आणि त्यांतील मोठा वाटा औषधांचा असतो. म्हणून औषधाच्या दुकानात वाचलेला रुपया हा केवळ काटकसरीचा प्रश्न नाही. उपचार पुरा होणे न होणे त्यावर अवलंबून असते.

कूपनाचा उगम

कूपन ही वस्तू औषधांच्या दुकानातच वाढली, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. अमेरिकेतील अटलांटा शहरात जॉन पेम्बर्टन नावाच्या औषधनिर्मात्याने १८८६ साली कोका-कोला हे पेय तयार केले. तेथील एका औषधांच्या दुकानात त्याचा पेला पाच सेंटला मिळत असे. पुढे दोनएक वर्षांच्या आतच एक पेला फुकट मिळवून देणारी छापील तिकिटे लोकांना वाटण्यात येऊ लागली. ग्राहकाला चव लागली आणि विक्री वाढली. तेव्हापासून उत्पादकाने कूपन द्यावे आणि दुकानदाराने आपल्या नित्याच्या गिऱ्हाइकाला वेगळे बक्षीस द्यावे, ही पद्धत त्या देशात रूढ झाली. चतुर गृहिणी दोन्हींची सांगड घालून साबण, दंतमंजन, केसांचे तेल अत्यल्प किमतीत घरी नेऊ लागल्या.

या सांगडीचे गणित साधे आहे, पण त्यात एक चकवा आहे. समजा, एका वस्तूची छापील किंमत १०० रुपये आहे. तिच्यावर २० टक्के सूट मिळाली, तर ८० रुपये द्यावे लागतात. या ८० रुपयांवर दुकानाने ५ टक्के गुण दिले, म्हणजे ४ रुपये पुढील खरेदीसाठी जमा झाले. एकंदर बचत २५ टक्के नसून २४ टक्के झाली. तीही ते गुण मुदतीत आणि त्याच दुकानात वापरले गेले तरच. आता दुसरा प्रकार पाहू. '५०० रुपयांच्या खरेदीवर ५० रुपये सूट' असे कूपन एखाद्याजवळ आहे आणि त्याची गरज ४०० रुपयांचीच आहे. कूपन वाया जाऊ नये म्हणून त्याने १०० रुपयांची अनावश्यक वस्तू घेतली, तर त्याला ४५० रुपये पडतात. सूट मिळाली ५० रुपयांची आणि जादा खर्चही झाला ५० रुपयांचाच. कूपनाचा खरा लाभ त्याला होतो, ज्याची खरेदी आधीच ठरलेली असते.

निवड कोणाची, पैसा कोणाचा

साबणाच्या बाबतीत ग्राहक स्वतः निवड करतो. एक महाग वाटला तर तो दुसरा घेतो, आणि या भीतीमुळेच किंमत आटोक्यात राहते. औषधाची गोष्ट निराळी आहे. येथे निवड डॉक्टर करतो, वस्तू विक्रेता देतो आणि पैसे मात्र रुग्ण मोजतो. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला निवडीचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याला पैसे द्यावयाचे नाहीत. औषधाच्या बाजारातील बहुतेक अनर्थांचे मूळ या विसंगतीत आहे.

याचा परिणाम छापील किमतीवर होतो. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत म्हणजे विक्रेत्याला जिच्यापलीकडे जाता येत नाही अशी सीमा होय. वस्तूचे मोल नव्हे. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण ठरविते. १९९७ साली स्थापन झालेली ही संस्था २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार काम करते. बाजारात किमान एक टक्का खप असलेल्या सर्व छापांच्या किमतींची सरासरी काढून तीत किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळविला जातो. या बेरजेवर कोणालाही जाता येत नाही. यादीबाहेरील औषधांची पहिली किंमत मात्र उत्पादकच ठरवितो; पुढे वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास त्याला मनाई असते, एवढेच.

येथेच फलकावरील टक्क्यांचे रहस्य उलगडते. काही उत्पादक आपला माल विक्रेत्याला फार स्वस्त देतात आणि वेष्टनावर मात्र त्याच्या कितीतरी पट किंमत छापतात. अशा मालावर विक्रेता ४० किंवा ५० टक्के सूट देऊनही भरपूर नफा मिळवू शकतो. उलट ज्याची छापील किंमतच वाजवी आहे, त्यावर त्याला ५ टक्के सोडणेही जड जाते. म्हणून सुटीचा आकडा मोठा असला म्हणजे औषध स्वस्त पडले, असा निष्कर्ष काढता येत नाही. तुलना करावयाची ती अखेरीस एका गोळीमागे किती पैसे पडले, याची. पट्टीत कधी दहा गोळ्या असतात, कधी पंधरा, हेही विसरता कामा नये.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका रुग्णाला रोज एक गोळी, महिन्याला तीस गोळ्या लागतात. पहिल्या छापाची गोळी १० रुपयांची आहे. २० टक्के सूट आणि ५ टक्के गुण यांची सांगड घातल्यावर ३०० रुपयांचे औषध २२८ रुपयांना पडते. त्याच द्रव्याची, त्याच मात्रेची दुसऱ्या उत्पादकाची गोळी ६ रुपयांना मिळते. तिच्यावर एक पैशाचीही सूट नाही, तरी महिन्याचे १८० रुपयेच होतात. तीच गोळी मूळ नावाने अडीच रुपयांना मिळाली, तर ७५ रुपयांत भागते. वर्षाचा हिशेब केला तर कूपन आणि गुण यांनी ८६४ रुपये वाचविले. नाव बदलल्याने २,७०० रुपये वाचले.

नावाचा प्रश्न

औषधाला दोन नावे असतात. एक त्यातील द्रव्याचे शास्त्रीय नाव, जे जगात बहुतेक ठिकाणी सारखे असते. दुसरे उत्पादकाने ठेवलेले व्यापारी नाव. भारतात एकाच द्रव्याची अनेक व्यापारी नावे आढळतात, याला इतिहास आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर ते बनविण्याच्या प्रक्रियेवरच पेटंट मिळेल अशी तरतूद केली. हा कायदा १९७२ साली अमलात आला. वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनविण्याची मुभा मिळाल्याने देशी कारखानदारी फोफावली आणि औषधे स्वस्त झाली. द्रव्यावरील पेटंट २००५ पासून पुन्हा लागू झाले. पण जुनी औषधे सर्वांना मोकळीच राहिली. मात्र प्रत्येक कारखान्याने आपल्या मालाला नवे नाव दिले आणि स्वस्ताईचा काही भाग नावाच्या प्रचारात विरघळून गेला. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ सालीच व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करावीत आणि प्रारंभ तेरा औषधांपासून करावा, अशी शिफारस केली होती. ती शिफारस प्रत्यक्षात उतरली नाही.

डॉक्टरांनी शक्यतो मूळ नावाने औषध लिहावे, असे त्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेत २००२ पासून नमूद आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते सक्तीचे करणारे नियम काढले. परंतु त्याच महिन्यात ते स्थगित झाले. दुसरीकडे, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधांच्या बाबतीत लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देण्यास औषधविषयक नियमांनी विक्रेत्याला मनाई केली आहे. त्यात द्रव्य तेच असले तरीही. तात्पर्य असे की, दुकानाच्या फळीशी उभे राहून स्वस्त पर्याय मागण्यात फारसा अर्थ नसतो. मागणी करावयाची जागा म्हणजे डॉक्टरची खोली होय. 'डॉक्टरसाहेब, हेच औषध मूळ नावाने लिहून द्याल काय?' हा एक विनम्र प्रश्न वर्षभराच्या कूपनांहून अधिक मोलाचा ठरतो.

जनऔषधी केंद्रे

मूळ नावाची चिठ्ठी हाती आली की ती वापरावयाची कोठे, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसर येथे पहिले जनऔषधी केंद्र उघडले. प्रारंभी या योजनेची वाढ मंद होती. २०१५ नंतर तिला वेग आला आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी देवघर येथे दहा हजारावे केंद्र सुरू झाले. आज देशातील जिल्ह्यांच्या गावी ही केंद्रे आढळतात. औषधाची किंमत त्याच्या आघाडीच्या तीन व्यापारी छापांच्या सरासरीच्या निम्म्याहून अधिक असू नये, असे या योजनेचे सूत्र आहे. पुष्कळदा ती त्याहूनही पुष्कळ कमी असते. येथे कूपन नाही आणि गुणही नाहीत. छापील किंमतच कमी आहे. 'जनऔषधि सुगम' या सरकारी ॲपवर केंद्राचा पत्ता व औषधाची किंमत पाहता येते, तर नियंत्रित किमती 'फार्मा सही दाम' या ॲपवर मिळतात.

स्वस्त औषध कमअस्सल असेल, ही शंका निराधार म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. जनऔषधी केंद्रांत येणाऱ्या प्रत्येक घाण्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करण्याची पद्धत आहे. शरीरात कठीणपणे विरघळणाऱ्या द्रव्यांच्या बाबतीत नवा परवाना देण्यापूर्वी मूळ औषधाशी समतुल्यता सिद्ध करण्याची अट २०१७ पासून आली आहे. तरीही काही औषधे अशी आहेत की, रक्तातील त्यांच्या प्रमाणात थोडाही फरक पडला तर अपाय होतो. फेफऱ्यावरील काही औषधे, रक्त गोठू न देणारे वॉरफरिन, थायरॉइडची गोळी ही त्यांची उदाहरणे होत. ज्या उत्पादकाची गोळी मानवली आहे ती पैशासाठी वारंवार बदलू नये. बदलावयाची झाल्यास डॉक्टरला सांगूनच बदलावी. शिवाय केंद्रात एखादे औषध संपलेले असू शकते. अशा वेळी उपचार खंडित करण्यापेक्षा ते बाहेरून घेणेच शहाणपणाचे.

बचतीचा क्रम

यावरून बचतीचा एक क्रम ठरविता येतो. प्रथम, सरकारी रुग्णालयातील औषधखिडकीवर चिठ्ठीतील जे मिळत असेल ते घ्यावे. दुसरे, उरलेली औषधे मूळ नावाने लिहवून जनऔषधी केंद्रात पाहावीत. तिसरे, तेथे जे नसेल त्याची एका गोळीमागील किंमत दोन-तीन दुकानांत विचारावी. किंमतपत्रक दर्शनी जागी लावणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. चौथे, नवे औषध असल्यास लगेच महिन्याभराचे घेऊ नये. ते मानवेलच असे नाही. सुट्या गोळ्या घेतल्या, तर त्यांना पट्टीच्या प्रमाणशीर किमतीपेक्षा अधिक आकारता येत नाही. सूट, कूपन आणि गुण यांची पाळी यानंतर, म्हणजे पाचव्या पायरीवर येते. त्या वेळी मिळेल ती सवलत अवश्य घ्यावी. तिच्यासाठी गरजेहून जास्त औषध मात्र घेऊ नये. मुदत संपलेली गोळी कितीही स्वस्तात मिळालेली असली, तरी तिची किंमत पूर्ण वाया गेलेली असते. आणि पावती जपून ठेवावी. तक्रार करावयाची झाल्यास तोच पुरावा होय.

कूपन टाकाऊ आहे असे नाही. ते शेवटची पायरी आहे, आणि आपण तीच पहिली समजतो. झाशीच्या दुकानासमोर चिठ्ठी घेऊन उभा असलेला माणूस फलकावरील टक्के वाचण्याआधी चिठ्ठीवरील नाव वाचू लागेल, आणि घरून निघतानाच डॉक्टरला विचारावयाचा प्रश्न मनाशी ठरवून येईल, तेव्हा त्याच्या आईच्या गोळ्या महिन्याच्या तिसाव्या दिवसापर्यंत पुरतील.