हायड्रोजनची गाडी की बॅटरीची?

मैत्रिणींनो, मार्च २०२२मध्ये नितीन गडकरी हायड्रोजनच्या टोयोटा मिराई गाडीतून संसदेत गेले. तेव्हापासून बचत गटात बायका विचारतात, ‘ताई, बॅटरीची गाडी घ्यावी, की हायड्रोजनची वाट बघावी?’

दोन्ही गाड्या विजेवरच पळतात. हायड्रोजनची गाडी ती वीज स्वतःच तयार करते, मागे उरतं फक्त पाणी. टाकीही पाचेक मिनिटांत भरते. पण विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, दाबून भरायचा, पुन्हा त्याची वीज करायची, यात निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. बॅटरीत ही गळती बरीच कमी. शिवाय ती रात्री घरीच १५ अँपिअरच्या प्लगवर चार्ज होते. हायड्रोजनचा पंप आपल्या गावात कुठला?

तेव्हा वाट बघू नका. आधी घरातलं वायरिंग, अर्थिंग तपासून घ्या आणि गाडीच्या व्यवहारात आपलंही मत ठामपणे मांडा!