सोरेय्यची गोष्ट अर्धी सांगू नका

जोतिबाच्या डोंगराजवळची, पन्हाळा तालुक्यातली पोहाळे लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन तिथे जातो. त्रिशरण-पंचशील घेतो, लेणी दाखवतो आणि मग सावलीत बसून गोष्टी सांगतो. एकदा आम्ही धम्मपद अट्ठकथेतली सोरेय्यची गोष्ट सांगितली, पण ‘मनात वाईट विचार आणला म्हणून तो पुरुषाची बाई झाला’ इथेच थांबलो. मुले हसली. त्यांच्यात एक मुलगा होता, ज्याला त्याच्या चालण्या-बोलण्यावरून आधीच ‘बायल्या’ म्हणून चिडवत. त्या दिवसापासून त्याचे नाव ‘सोरेय्य’ पडले. पुढच्या रविवारी तो धम्मवर्गाला आला नाही. नंतरही आला नाही.

चूक आमची होती. म्हणून ती गोष्ट इथे पूर्ण सांगतो.

सोरेय्य नगरातला एक श्रेष्ठीपुत्र मित्राबरोबर रथातून स्नानाला निघाला होता. वाटेत त्याला महाकच्चान थेर चीवर पांघरताना दिसले. त्यांची सोनेरी कांती पाहून ‘हे माझी पत्नी असते तर!’ असे त्याच्या मनात आले आणि तो स्त्री झाला. लाजेने तो तक्षशिलेला जाणाऱ्या तांड्याबरोबर निघून गेला. तिथे तिचे लग्न झाले, दोन मुले झाली. सोरेय्य नगरात पिता म्हणून दोन मुले आधीच होती. पुढे जुना मित्र व्यापारासाठी तक्षशिलेला आला. तिने त्याला घरी बोलावून जेवू घातले आणि सारे खरे सांगितले. मित्राने तिची टर उडवली नाही. थेरांची क्षमा मागण्याचा मार्ग त्यानेच सुचवला. थेरांनी क्षमा केली, ती पुन्हा पुरुष झाली आणि पुढे भिक्खू होऊन अर्हतपदाला पोचली. ‘कोणती मुले अधिक प्रिय?’ असे लोकांनी विचारले, तेव्हा सुरुवातीचे उत्तर होते: पोटी जन्मलेली. अर्हत झाल्यावर आसक्तीच उरली नाही. आई-वडील करू शकणार नाहीत एवढे भले सन्मार्गी चित्त करते, हे सांगणारी धम्मपदातली 43 वी गाथा याच प्रसंगाशी जोडलेली आहे.

लिंगबदलाच्या अशा गोष्टी जगभरच्या मुलांनी ऐकल्या आहेत. पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांनी आर्यांत महाभारत रचले. त्या कथेत शिखंडी आहे, बृहन्नडा आहे. अमेरिकन लेखक एल. फ्रँक बॉम यांच्या 1904 सालच्या ओझच्या दुसऱ्या पुस्तकात टिप नावाचा मुलगा चेटकिणीकडे वाढतो. शेवटी कळते की तो मुळात ओझ्मा नावाची राजकन्या आहे. टिप आधी घाबरतो, पण त्याचे सोबती मैत्री तशीच राहील असा धीर देतात. इकडे तक्षशिलेला आलेला मित्र आणि तिकडे टिपचे सोबती, दोघेही एकच गोष्ट करतात: माणसाला सोडत नाहीत.

विनयपिटकातही असा प्रसंग आहे. एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीलक्षणे प्रकट झाली. तथागतांनी तीच उपसंपदा, तेच उपाध्याय आणि तेच वर्षावास धरून भिक्खुणींमध्ये राहण्याची अनुमती दिली. भिक्खुणीच्या ठिकाणी पुरुषलक्षणे प्रकट झाली, तेव्हाही तसेच. म्हणजे साधना मोडीत निघाली नाही आणि संघातले स्थान गेले नाही.

मात्र त्याच विनयात ‘पंडक’ म्हटलेल्या व्यक्तींना उपसंपदा नाकारणारा नियमही आहे. सोरेय्यच्या कथेत स्त्री होणे हे वाईट विचाराचे फळ मानले आहे, हेही खरे. ते लपवायचे कारण नाही. ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, हे कालाम सुत्त आपल्याला शिकवते. स्त्रीचे किंवा पारलिंगी व्यक्तीचे शरीर म्हणजे शिक्षा, ही कल्पना त्या कसोटीवर टिकत नाही. बावीस प्रतिज्ञांतल्या समतेच्या प्रतिज्ञेवर तर मुळीच नाही.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. अशा मुलाला यल्लमाची परडी देऊन जोगता करायची रूढी इथे आहे. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ कादंबरीने ते जगणे मराठीत आणले. आपण अंधश्रद्धा सोडली. पण विहारात टिंगल आणि बाहेर परडी, एवढेच दोन पर्याय उरले तर तो मुलगा जाणार कुठे? सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, तो संविधानातल्या समता, स्वातंत्र्य आणि जीविताच्या कलमांवर. बाबासाहेबांच्या संविधानाने दिलेली जागा आपल्या धम्मवर्गाने नाकारावी काय?

बालसंस्कार शिबिरे घेणाऱ्या तरुणांना आमची विनंती आहे. ही गोष्ट जरूर सांगा, पण मित्रापर्यंत आणि अर्हतपदापर्यंत सांगा. कथेतला दोषही मुलांशी बोला. कुणी हसले तर तिथेच थांबून विचारा, तू त्या मित्राच्या जागी असतास तर काय केले असतेस?

आम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन आलो, त्याची माफी मागितली. तो अजून आलेला नाही. रविवारी त्याची वाट पाहतो.

जय भीम, नमो बुद्धाय.