स्वप्नात भान येतं, मग स्वप्न ऐकत का नाही?

केनवडला हरभऱ्याच्या जागलीवर जाणारा एक पोरगा परवा म्हणाला, "दादा, स्वप्नातच कळलं का हे स्वप्न हाये. उडाचं ठरवलं अन् फटकन जागच आली!"

याला ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात. रोही (नीलगायी) हाकलून पहाटे पुन्हा डोळा लागला की हे जास्त घडतं, कारण स्वप्नांची रेम झोप पहाटे लांबते.

पण भान येणं वेगळं आणि ताबा मिळणं वेगळं.

रेममध्ये मेंदूचा विचार करणारा पुढचा भाग बराच शांत असतो. भान आलं की तो थोडा जागा होतो. त्यात नवखा माणूस आनंदानं उसळला, की झोपच मोडते.

मुरलेले लोक हुकूम सोडत नाहीत. 'दार उगव' म्हणण्यापेक्षा मागे दार असणारच, असं धरून ते वळतात. स्वप्न अपेक्षेवर चालतं. म्हणून 'जमेल का?' ही शंकाही तिथे खरी होते! दृश्य विरायला लागलं की ते स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळतात. ही युक्ती अमेरिकेच्या स्टीफन लाबर्ज यांनी लोकप्रिय केली.

पूर्ण ताबा मात्र मुरलेल्यांनाही क्वचितच. मला उडता येतं, पण अंधाऱ्या खोलीत बटण दाबून दिवा काही लागत नाही. इंग्लंडच्या कीथ हर्न यांनी हीच अडचण नोंदवली आहे. 1975 मध्ये झोपलेल्या माणसाचे ठरवून केलेले डोळ्यांचे इशारे यंत्रावर टिपणारे ते हेच.

अशी स्वप्नं पडावीत म्हणून रोज झोपमोड मात्र करू नका. काही विचारायचं असेल तर खाली लिहा. आणि तुमच्या स्वप्नात काय ऐकत नाही, तेही सांगा.