आधी नंबर, मग स्टॉल!

सोमवार ते शुक्रवार ऑफिस आणि शनिवार-रविवारी एक्झिबिशनमध्ये स्टॉल, असं डबल लाइफ जगणारं कुणीतरी तुमच्याही ग्रुपमध्ये असेलच. कुणी दिवे करतं, कुणी बॅगा. माझी एक मैत्रीण मखर करते. पोरगी आयटीतली, पण गाव गागोदे बुद्रुक. हो, विनोबांचा जन्म झाला तेच पेण तालुक्यातलं गागोदे. आणि पेणकडच्या माणसाच्या डोक्यात गणपती बारा महिने असतो!

२०१८मध्ये राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली. मॅडमनी डोकं लढवून पुठ्ठ्याचा घडीचा मखर बनवला. खिळा नाही, गोंद नाही, दोन मिनिटांत उभा. मुंबईतल्या एका प्रदर्शनात मांडला, तर ही गर्दी! एक काका तर अगदी खाली वाकून सांधे बघत होते. ‘फोटो काढू का?’ ‘काढा ना काका!’ पुढच्या गणपतीत बाजारात तोच मखर, तीच घडी, वर पन्नास रुपये स्वस्त.

मग ती धावली सल्लागाराकडे. त्याचा पहिलाच प्रश्न : ‘हा लोकांना पहिल्यांदा कधी दाखवलात?’

झालं. बैल गेला अन् झोपा केला.

कारण फंडा असा आहे बॉस, की डिझाइनची नोंदणी असो वा पेटंट, वस्तू अर्जाच्या दिवशी ‘नवी’ असावी लागते. भारतात किंवा जगात कुठेही ती आधीच उघड झाली असेल, तर नवेपणा संपला. आणि उघड करणारे तुम्ही स्वतःच असलात तरी तेच! स्टॉल, कॅटलॉग, इन्स्टावरची रील, सगळं त्यात आलं.

ही भीती काही आजची नाही. १८७३मध्ये व्हिएन्नाला मोठं जागतिक प्रदर्शन भरणार होतं, तेव्हा बाहेरचे संशोधक यायलाच कचरत होते. नेलं आणि कुणी उचललं तर? शेवटी ऑस्ट्रियाला खास तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. दहा वर्षांनी झालेल्या पॅरिस करारातही प्रदर्शनांसाठी तशी तरतूद आली. आपल्याकडेही १८८३मध्ये प्रदर्शनात मांडलेल्या शोधांसाठी कायदा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस कोलकात्यात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं.

ती सवलत आजही आहे, पण दार फार अरुंद. प्रदर्शन केंद्र सरकारने गॅझेटमध्ये अधिसूचित केलेलं हवं. तसं असेल तर पेटंटचा अर्ज प्रदर्शन सुरू झाल्यापासून १२ महिन्यांत करता येतो. डिझाइनसाठी सहाच महिने, आणि मांडण्याआधी कंट्रोलरला नोटीस द्यावी लागते. आपल्या सोसायटीच्या हॉलमधलं दिवाळी एक्झिबिशन यात बसत नाही, हे सांगायला नको.

गंमत म्हणजे मखरात बसणाऱ्या बाप्पाची गोष्ट वेगळी आहे. मूर्ती हे शिल्प, म्हणजे कलाकृती. तिच्यावर कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो कलाकाराच्या हयातीत नि नंतर ६० वर्षं टिकतो. तरीही हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत रॅकवर ओळीने मांडलेल्या मूर्ती बघताना मला धास्तीच वाटते. एक मूर्ती विकत घ्या, तिच्यावरून रबरी साचा काढा, की मूळ मॉडेल घडवणाऱ्याची मेहनत गेली. हक्क कागदावर आहे हो, पण मातीतलं पहिलं मॉडेल आपलंच हे दाखवायला तारखेसकट फोटो तरी कुणी काढून ठेवतं का?

मखराला ती सोय नाही. नोंदणी होऊ शकते अशा डिझाइनची नोंदणी केली नाही आणि कारखान्यातून पन्नासहून जास्त नग काढले, तर त्यावरचा कॉपीराइटही संपतो. म्हणजे धंदा चालला की हक्क गेला! हे मला तरी अजब वाटतं, पण नियम तो नियम.

विनोबांनी गावोगाव फिरून जमीन मागितली, लोकांनी ती राजीखुशीने दिली. आयडिया मात्र न मागताच जाते.

खर्चाचं म्हणाल, तर डिझाइनच्या अर्जाची सरकारी फी व्यक्तीला १००० रुपये. रूपासाठी डिझाइन, घडीच्या युक्तीसाठी पेटंट. पेटंटचा आधी प्रोव्हिजनल अर्ज ऑनलाइन १६०० रुपयांत होतो, सगळा तपशील भरायला पुढे १२ महिने मिळतात. एजंटची फी वेगळी, ती विचारून घ्या. डिझाइनची नोंदणी दहा वर्षं चालते, पुढे पाच वर्षं वाढवता येते. आणि छापखानेवाल्याला किंवा साचेवाल्याला नमुना दाखवायचाच असेल, तर ‘हे गोपनीय आहे’ असं लेखी घेऊन दाखवा. विश्वासाने दाखवलेलं कायदा उघड झालं असं मानत नाही.

मैत्रिणीने जुन्या मखराचा नाद सोडला. यंदा नवा केलाय म्हणे, फोटो मोबाइलमध्येच आहेत. परवा कॉफीला भेटलो तेव्हा मी हात पुढे केला, तर बयेने फोन उलटा ठेवला.

‘आधी अर्जाचा नंबर येऊ दे,’ म्हणाली.