सूर्य खरेच जास्त तापू लागला आहे का? हे मोजतात कसे?

नाशिक जिल्ह्यातील नांदगाव हा अवर्षणप्रवण तालुका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की 'पूर्वी एवढं ऊन नव्हतं' हे वाक्य कानावर पडतेच. मग सूर्याचीच आग वाढली आहे का?

जमिनीवरून हे का कळत नाही?

मेच्या २०-२२ तारखेच्या सुमारास नांदगावात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. पण ढग, धूळ आणि बाष्प यांमुळे जमिनीवर पोहोचणारे ऊन रोज कमी-जास्त होते. सूर्याच्या स्वतःच्या ऊर्जेतील चढउतार मात्र ११ वर्षांच्या सौरचक्रात जेमतेम ०.१ टक्का असतो. वातावरणाच्या गोंधळात तो सापडत नाही. म्हणून १९७८ पासून ही मोजणी उपग्रहांवरून केली जाते.

मोजणी कशी होते?

उपकरणात आतून काळा केलेला पोकळ कप्पा असतो. ऊन आत आले की तो तापतो. मग झडप बंद करतात आणि कप्पा तेवढाच गरम ठेवायला किती वीज लागते ते पाहतात. जेवढी वीज, तेवढी उन्हाची शक्ती. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ आणि जुलैत लांब असते. त्याने पडणारा सुमारे ७ टक्क्यांचा फरक हिशेबातून काढला, की प्रति चौरस मीटर सुमारे १३६१ वॅट हा आकडा येतो.

अडचण कुठे येते?

आधीच्या उपग्रहांचे आकडे काही वॅटने जास्त येत. उपकरणात शिरणारा विखुरलेला प्रकाश हे त्याचे मोठे कारण होते. २००३ मध्ये सोडलेल्या 'सोर्स' उपग्रहाच्या उपकरणात रचना बदलून हा दोष कमी करण्यात आला. सौरचक्रातला बदल अवघा एक वॅटभर असल्याने जुना उपग्रह चालू असतानाच नवा सोडून दोघांचे आकडे जुळवून घ्यावे लागतात.

पुण्याचा वाटा काय?

२ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ यानावरील 'सूट' दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली. ती सूर्याचे अतिनील किरण टिपते. एकूण ऊर्जेच्या तुलनेत या किरणांतील चढउतार टक्केवारीने मोठे असतात आणि त्यांचा ओझोनच्या थरावर परिणाम होतो.

मग ऊन वाढले कशाने?

चार दशकांहून अधिक काळाच्या नोंदींत सूर्याची ऊर्जा वाढत गेल्याचे ठोसपणे दिसत नाही. पृथ्वीचे सरासरी तापमान मात्र याच काळात वाढत गेले. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड आणि इतर हरितगृह वायू उष्णता अडवून धरतात. सूर्य जवळपास तेवढाच तापतो आहे. जाड झाली आहे ती पृथ्वीची गोधडी.