कबड्डीत जेतेपदाला ‘स्टार’ चढाईपटू लागतोच का? आकडे वेगळंच सांगतात

लोंढा : यात्रा असो, गणेशोत्सव असो की एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन, खानापूर तालुक्यात कबड्डीची स्पर्धा जाहीर झाली की मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो. चढाईला कोण? गावचा पोरगा चांगला असला तरी ‘बाहेरून एखादा दणकट रेडर आणूया’ असं कुणीतरी म्हणतंच. मग वर्गणीतला मोठा वाटा त्या एकाच्या मानधनावर, जाण्यायेण्यावर खर्ची पडतो. गावचा एक पोरगा राखीव खेळाडूंत बसतो. संघ जिंकला तर निर्णय शहाणपणाचा ठरतो आणि हरला तर ‘पकड कमी पडली’ म्हणून विषय संपतो.

पण पकड कमी पडली, हेच खरं उत्तर असेल तर? एक असामान्य चढाईपटू असल्याशिवाय जेतेपद मिळत नाही, हा समज कितपत खरा आहे? लोंढ्याच्या मैदानावरच्या स्पर्धेची आकडेवारी कुणी लिहून ठेवत नाही. प्रो कबड्डी लीगची मात्र २०१४ पासूनची नोंद सगळ्यांसमोर आहे. ती तपासली तर चित्र बरंच स्पष्ट होतं.

११ हंगाम, ४ जेतेपदं

साधा हिशेब करू. पहिल्या ११ हंगामांपैकी प्रत्येकात चढाईत सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू कोण आणि त्याचा संघ जिंकला का?

पहिल्या हंगामात (२०१४) यू मुंबाचा अनुप कुमार १५५ गुणांसह अव्वल होता. अंतिम सामना जिंकला जयपूर पिंक पँथर्सने. दुसऱ्या हंगामात सांगली जिल्ह्याच्या काशिलिंग आडकेने ११४ गुण मिळवून सगळ्यांना मागे टाकलं, पण त्याचा दबंग दिल्ली संघ उपांत्य फेरीतही पोचला नाही. चौथ्या हंगामात राहुल चौधरी अव्वल, तेलुगू टायटन्स उपांत्य फेरीत बाद. सातव्या आणि आठव्या हंगामात पवन सेहरावतने अनुक्रमे ३४६ आणि ३०४ गुण कमावले. दोन्ही वेळा बेंगळुरू बुल्सला दबंग दिल्लीने उपांत्य फेरीत रोखलं. दहाव्यात दिल्लीचा आशू मलिक अव्वल, चषक पुण्याला. अकराव्यात पाटणा पायरेट्सच्या देवांक दलालने ३०१ गुण मिळवले, पण २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सने पाटण्याला ३२-२३ असं हरवलं.

उरलेल्या चार हंगामांत अव्वल चढाईपटूच्या संघाने चषक उचलला. तिसऱ्या आणि पाचव्या हंगामात प्रदीप नरवाल, सहाव्यात पवन सेहरावत आणि नवव्यात अर्जुन देशवाल. म्हणजे ११ पैकी ४ वेळा. सात वेळा सर्वांत जास्त गुण मिळवणारा माणूस चषक न घेताच घरी गेला.

स्टार जिंकून देतो, तेव्हा

याचा अर्थ मोठा चढाईपटू निरुपयोगी असतो असा अजिबात नाही. पाचव्या हंगामात (२०१७) प्रदीप नरवालने तब्बल ३६९ गुण मिळवले. हरियाणाविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने ३४ गुण घेतले होते. अंतिम फेरीत समोर गुजरात फॉर्च्युन जायंट्स होता. फझल अत्राचली आणि अबोझार मिघानी या इराणी जोडीमुळे गुजरातची बचावफळी पोलादी समजली जायची. पाटण्याने तो सामना ५५-३८ असा जिंकला आणि त्यात १९ गुण एकट्या प्रदीपचे होते. पुढच्याच हंगामात त्याच गुजरातविरुद्ध अंतिम सामन्यात पवनने २२ गुण घेतले आणि बेंगळुरूने ३८-३३ असा विजय मिळवून कर्नाटकात चषक आणला.

चांगला बचाव मोडून काढणारा चढाईपटू असतो, हे या दोन सामन्यांनी दाखवलं. प्रेक्षकांच्या लक्षात राहतात तेही असेच सामने. ज्या सामन्यात स्टार चढाईपटू पाचव्या मिनिटाला पकडला गेला आणि बाकावर बसून राहिला, तो सामना कुणी मोबाईलवर पुन्हा बघत नाही. समज तयार होतो तो इथेच.

सर्वांत महागडा खेळाडू, शेवटचा क्रमांक

दहाव्या हंगामाच्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. तोपर्यंतची ती विक्रमी बोली होती. पवनने त्या हंगामात चढाईत २०० च्या वर गुण मिळवले, म्हणजे स्वतःचं काम त्याने केलं. तरीही टायटन्सने २२ पैकी फक्त २ सामने जिंकले आणि संघ बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला.

त्याच लिलावात पुणेरी पलटणने मोठा पैसा लावला तो पकडीवर. इराणचा मोहम्मदरझा शादलू याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये. चढाईची बाजू अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे या तरुण पोरांनी वाटून घेतली. हंगामातल्या पहिल्या पाच चढाईपटूंत पुण्याचा एकही नव्हता. पण साखळीतल्या २२ पैकी १७ सामने पुण्याने जिंकले, हरले केवळ दोन. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं नमवून पुण्याने पहिल्यांदा चषक जिंकला. त्या सामन्यात पंकज मोहितेने ९ गुण घेतले, त्यातले ४ एकाच चढाईत. अस्लमवर लक्ष ठेवावं तर पंकज गुण नेतो, पंकजला अडवावं तर मोहित. प्रतिस्पर्ध्याला नेमकं कुणाला रोखायचं हेच ठरवता येत नव्हतं.

या संघाचे प्रशिक्षक होते कर्नाटकचे अर्जुन पुरस्कारविजेते बी. सी. रमेश. सातव्या हंगामात जिंकलेला बंगाल वॉरियर्सही त्यांच्याच हाताखालचा. तेव्हा तर बंगालचा कर्णधार आणि मुख्य चढाईपटू मनिंदर सिंग दुखापतीमुळे अंतिम सामना खेळलाच नाही. समोर दिल्लीच्या नवीन कुमारने १८ गुण घेतले. तरीही इराणचा नबीबक्ष आणि कर्नाटकचा सुकेश हेगडे यांनी चढाई सांभाळली, बाकीच्यांनी पकडी केल्या आणि बंगालने ३९-३४ असा विजय मिळवला.

असं का होतं?

उत्तर कबड्डीच्या नियमांतच आहे. पुरुषांचा सामना ४० मिनिटांचा. एका चढाईला ३० सेकंद. प्रत्येक चढाईने पूर्ण वेळ घेतला तर एकूण ८० चढाया होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला ४०. पट्टीचा चढाईपटू यातल्या फार तर निम्म्या करतो. उरलेल्या निम्म्या दुसऱ्या-तिसऱ्याला कराव्याच लागतात. आणि समोरच्या संघाच्या ४० चढायांच्या वेळी मैदानात गुण मिळवायची संधी फक्त बचावफळीला असते.

दुसरी गोष्ट बाहेर बसण्याची. चढाईपटू पकडला गेला की समोरच्यांना एक गुण मिळतो, त्यांचा एक बाद खेळाडू असला तर तो आत येतो आणि आपला स्टार बाहेर जातो. त्याला परत आणायचं तर आपल्या संघातल्या दुसऱ्या कुणीतरी समोरचा गडी बाद करायला हवा. बोनस गुणाने गडी जिवंत होत नाही. संघात दुसरा चढाईपटूच नसेल आणि पकडही लंगडी असेल, तर स्टार बाहेर बसून बघत राहतो आणि एकेक करत सगळा संघ बाद होतो. लोण चढतो, दोन गुण जादा जातात. टीव्हीवर ज्याला ‘ऑल आऊट’ म्हणतात तो हाच लोण. अनेक सामन्यांचा निकाल या एका घसरणीत लागतो.

तिसरं म्हणजे अव्वल पकड. मैदानात तीन किंवा कमी खेळाडू उरलेले असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. बुडत्या संघाला वर काढणारा हा नियम आहे आणि त्याचा फायदा फक्त बचावपटूच मिळवून देऊ शकतात. डावा आणि उजवा कोपरा एकमेकांना ओळखून खेळणारे असतील तर तीन गडीही पुरतात. ओळख नसेल तर सातही कमी पडतात.

देशाच्या संघालाही तोच धडा

१९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई क्रीडा स्पर्धेतलं पुरुष कबड्डीचं प्रत्येक सुवर्ण भारताने जिंकलं होतं. २०१८ मध्ये जकार्ताला गेलेल्या संघात अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, मोनू गोयत असे नावाजलेले चढाईपटू होते. उपांत्य सामन्यात इराणच्या बचावाने त्यांना जखडून ठेवलं. भारत २७-१८ असा हरला आणि कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं. चार-चार स्टार असूनही पूर्ण सामन्यात १८ गुण!

अमेरिकेतही हाच वाद वर्षानुवर्षं चालतो, फक्त खेळ वेगळा. तिथल्या फुटबॉलमध्ये प्रत्येक डाव सुरू करून चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. असा खेळाडू असामान्य नसेल तर जेतेपद विसरा, असं तिथले चाहते म्हणतात आणि सात वेळा सुपर बाउल जिंकलेल्या टॉम ब्रेडीचं नाव घेतात. पण २००१ च्या जानेवारीत बाल्टिमोर रेव्हन्स जिंकला तो बचावाच्या जोरावर. त्याचा क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर सामान्य दर्जाचा मानला जायचा आणि जिंकूनही पुढच्या हंगामात त्याला संघात ठेवलं नाही. २०१८ मध्ये तर मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर राखीव निक फोल्सला घेऊन फिलाडेल्फियाने ब्रेडीच्याच संघाला ४१-३३ असं हरवलं.

एकावर भिस्त म्हणजे जुगार

नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. सगळ्यांनी थलैवाजला मोडीत काढलं. पण तरुण नरेंदरने चढाई अंगावर घेतली, बचावाने साथ दिली आणि संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला. पाटण्याची गोष्टही तशीच. प्रदीप नरवालला सोडल्यावर आठव्या हंगामात याच पाटण्याने उपांत्य सामन्यात प्रदीपच्या नव्या संघाला, यूपी योद्धाला, ३८-२७ असं हरवलं. तेव्हा पाटण्याचा कर्णधार होता कर्नाटकचा प्रशांत कुमार राय आणि चढाईचा भार चौघांत वाटलेला होता.

गुडघा, खांदा, घोटा. कबड्डीत यातलं काहीही कधीही दुखावतं. मातीच्या मैदानावर तर जास्तच.

मग गावच्या संघाने काय करावं?

बाहेरचा रेडर आणूच नये असं नाही. त्याच्या खेळातून गावच्या पोरांना शिकायला मिळतं, प्रेक्षकही येतात. पण त्याला बोलावण्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत. तो बाहेर बसला तर चढाईला जाणारा दुसरा आणि तिसरा कोण? दोन्ही कोपऱ्यांवर खेळणारी पोरं किती दिवस एकत्र सराव करतात? आणि तो स्पर्धेच्या आदल्या दिवशी येणार असेल, तर बचावाच्या साखळीत तो उभा कुठे राहणार? कारण समोरचा चढाईला आला की तोही सातांतला एक बचावपटूच असतो.

या तिन्हींची उत्तरं तयार असतील तर आणलेला चढाईपटू संघाला वर नेतो. नसतील तर वर्गणी जाते, स्टार पुढच्या गावच्या स्पर्धेला निघून जातो आणि गावच्या संघात काहीच उरत नाही. उलट त्याच पैशात पोरांना सरावासाठी मॅट, गुडघ्याचे पट्टे, महिनाभर शिकवणारा एखादा जाणता खेळाडू मिळू शकतो.

लोंढ्यासारख्या रेल्वेच्या गावात याला आणखी एक बाजू आहे. रेल्वे, सेनादल, पोलीस यांचे कबड्डी संघ आहेत आणि खेळाडूंसाठी नोकरीची दारं तिथून उघडतात. पुण्याने शादलूसाठी मोजलेली रक्कम बघितली तर पकड करणाऱ्यालाही आज केवढी किंमत आहे हे कळतं. घोट्याची पकड नीट शिकलेला उजव्या कोपऱ्याचा पोरगा राखीव बाकावर बसला, तर संघाचा एक सामना जाईलच, पण त्या पोराची संधीही जाईल. पुढच्या बैठकीत ‘चढाईला कोण?’ असं विचारलं जाईल तेव्हा ‘कोपऱ्यावर कोण?’ हेही विचारायला हरकत नाही.