घर चाकांवर, भाडेकरू घरात

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी आमचे एक मामेभाऊ तीस वर्षांपासून वास्तव्यास आहेत. वय सत्तावन. नोकरीतून साठवलेल्या पैशांतून त्यांनी दोन घरे घेतली, ती भाड्याने दिली आणि तिसऱ्यात स्वतः राहिले. मुले आपापल्या ठिकाणी मार्गी लागली. मागील वर्षी त्यांचा फोन आला. "भाईजान, राहते घरही भाड्याने देतो, एक मोठी गाडी घेतो आणि आम्ही दोघे तिच्यातच राहतो. भाड्यावर खर्च निघेल. तुम्ही जन्मभर हिशेब केलात, जरा मांडून पाहा."

आम्हाला प्रथम ही थट्टा वाटली. पण चौकशी केल्यावर कळले की तेथे हा एक सर्रास चालणारा प्रकार आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे नातलग परदेशी आहेत, भाड्याच्या मिळकती तर घरोघरी आहेत. म्हणून आम्हाला जे समजले ते येथे मांडत आहोत.

या गाडीला तेथे 'आर. व्ही.' म्हणतात. तिच्यात झोपण्याची जागा, स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचालय असते. काही गाड्यांना स्वतःचे इंजिन असते. त्यांचे ए, बी आणि सी असे वर्ग आहेत, पैकी ए म्हणजे बसएवढी. दुसरा प्रकार ट्रकमागे ओढत नेण्याचा. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट व आसपासचा भाग हे या धंद्याचे माहेरघर, जसे यंत्रमागासाठी आपले भिवंडी-इचलकरंजी. करोनाच्या काळात या धंद्याला अशी तेजी आली की २०२१ मध्ये कारखान्यांतून सुमारे ६ लाख गाड्या बाहेर पडल्या. २०२३ मध्ये हाच आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर उतरला. ज्यांनी तेजीत गाडी घेतली त्यांचे पुढे काय झाले असेल, हे कापडवाल्यांना सांगायला नको.

गाडी उभी करायला ठिकाण लागते. खासगी तळांवर पाणी, तीस किंवा पन्नास अँपिअरची वीज आणि मैला सोडण्याची सोय असते. महिन्याचे भाडे ठरवून घेतले तर स्वस्त पडते. हिवाळ्यात हजारो लोक ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्‌झसाइट या छोट्याशा गावी जमतात. तेथील सरकारी जमिनीवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सात महिने राहण्याचा परवाना मिळतो आणि त्याची फी शहरातील एका महिन्याच्या घरभाड्यापेक्षा पुष्कळ कमी असते. मात्र विजेची जोडणी नाही. सूर्यप्रकाशावर अथवा जनरेटरवर भागवावे लागते.

आता हिशेब. पुढील आकडे आम्ही केवळ उदाहरणादाखल धरले आहेत, परंतु मामेभावांच्या वहीतील आकड्यांपासून ते फार दूर नाहीत.

एका घराचे भाडे महिना २,००० डॉलर, म्हणजे वर्षाचे २४,०००. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामे राहिले असे धरा, उरले २२,०००. मालक गावात नाही, म्हणून प्रॉपर्टी मॅनेजर नेमावा लागणार. वसूल भाड्यावर दहा टक्के दलाली धरली तर २,२०० गेले. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, पण घरपट्टी जबर. ती ५,५०० धरा. विमा २,५००. दुरुस्ती २,४००. एकूण १२,६०० वजा जाता ९,४०० उरतात. अशा दोन घरांचे १८,८००, म्हणजे महिना सुमारे १,५६६ डॉलर. तेही घरांवर कर्ज नसेल तर. राहत्या घरावर अजून कर्ज आहे. ते भाड्याने दिले तर हप्ता भागून हाती जवळजवळ काही राहत नाही.

दुसरी बाजू पाहा. गाडी रोखीने घेतली असे समजू. तळाचे भाडे ७५०, इंधन ४५०, गाडीचा विमा १७५, दुरुस्ती ३००, फोन, इंटरनेट व टपाल १५०. झाले १,८२५. अद्याप पोटात घास गेलेला नाही आणि डॉक्टरचे दार वाजवलेले नाही, तोच महिन्याला २५९ डॉलरची तूट! मामेभाऊ म्हणाले, "मी तर ४,००० ची आवक धरली होती." दुकानाच्या गल्ल्यात दिवसभरात पडलेली सगळी रक्कम नफा समजणारे नवखे दुकानदार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, त्यांपैकीच हा प्रकार.

कराचा भाग जरा किचकट आहे, पण खरी मौज तेथेच आहे. अमेरिकेत भाड्याच्या निवासी इमारतीवर साडेसत्तावीस वर्षे समान घसारा मिळतो. जमिनीवर मिळत नाही. इमारतीची किंमत २,२०,००० डॉलर असेल तर दरसाल ८,००० घसारा. वरच्या उदाहरणातील ९,४०० पैकी कर लागतो केवळ १,४०० वर. वास्तविक घराची बाजारातील किंमत वाढत असते, तरी कागदावर ते झिजते. उलट चाकांवरचे घर खरोखरच झिजते, दुकानातून बाहेर काढल्या दिवसापासून त्याची किंमत घसरते. पण ते तुमचे स्वतःचे राहते घर असल्यामुळे त्यावर घसारा मिळत नाही. जे झिजत नाही त्यावर सवलत आणि जे झिजते त्यावर काही नाही! शिवाय इमारतीवर घेतलेला घसारा सरकार विसरत नाही. घर विकताना तेवढ्या रकमेवर पंचवीस टक्क्यांपर्यंत कर वसूल होतो.

तो टाळायचा तर विक्रीचा पैसा दुसऱ्या मिळकतीत गुंतवण्याची सोय तेथील आयकर कायद्याच्या कलम १०३१ मध्ये आहे. नवी मिळकत ४५ दिवसांत नक्की करायची आणि १८० दिवसांत व्यवहार पुरा करायचा. पैसा मधल्या काळात स्वतःच्या हाती येता कामा नये. या मार्गाने आलेल्या पैशातून राहण्याची गाडी घेता येत नाही, स्थावराच्या बदल्यात स्थावरच पाहिजे.

मामेभावांच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न राहत्या घराचा होता. तेथे स्वतःचे राहते घर विकले तर एकट्याला अडीच लाख व पती-पत्नीला मिळून पाच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर कर माफ आहे. अट अशी की विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे ते मालकीचे व राहते घर असले पाहिजे. म्हणजे घर भाड्याने देऊन बाहेर पडल्या दिवसापासून तीन वर्षांचे घड्याळ सुरू होते. तीन वर्षांच्या आत विकले तर माफी शाबूत (घसाऱ्याचा भाग सोडून). चौथ्या वर्षी विकले तर ती गेली. भाडेकरूशी किती मुदतीचा करार करायचा, हे याच घड्याळाकडे पाहून ठरवले पाहिजे. शिवाय टेक्सासमध्ये राहत्या घराला घरपट्टीत जी सवलत असते आणि मूल्यांकन वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक न वाढण्याचे जे संरक्षण असते, ते घर भाड्याने देऊन कायमचे बाहेर पडल्यावर राहत नाही. ही गोष्ट मामेभावांच्या ध्यानीमनीही नव्हती.

आणखी एक गैरसमज. अनेकांना वाटते की गाडी घेऊन मिळकत पाहायला गेलो की सारा प्रवास धंद्याच्या खर्चात टाकता येईल. ज्याचे एका जागी घरच नाही, त्याला तेथील कायदा फिरस्ता मानतो. फिरस्ता जेथे काम करील तेच त्याचे ठिकाण. मग 'घरापासून दूर' गेल्याचा मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च कसला? घरच सोडलेल्याला घरापासून दूर जाता येत नाही. मात्र भाड्याच्या व्यवहारात तोटा आला तर एक सवलत आहे: भाडेकरू पसंत करणे, भाडे ठरवणे हे निर्णय मालक स्वतः घेत असेल तर २५,००० डॉलरपर्यंतचा तोटा इतर उत्पन्नातून वजा होतो. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या वर गेले की ही सवलत घटू लागते आणि दीड लाखावर संपते. हे निर्णय फोनवरूनही घेता येतात. म्हणून मॅनेजर नेमला तरी मुखत्यारी संपूर्ण त्याच्या हाती देऊ नये.

पत्त्याचेही एक प्रकरणच आहे. घर नाही म्हटल्यावर लायसन्स, मतदान, बँक, विमा कोठल्या पत्त्यावर? टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा ही राज्ये अशा लोकांच्या पसंतीची, कारण तिन्हींत राज्याचा आयकर नाही. १९७८ साली स्थापन झालेल्या 'एस्केपीज' या क्लबची टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे टपाल पुढे पाठवण्याची मोठी व्यवस्था आहे. परंतु बँका नुसता टपालाचा पत्ता स्वीकारायला कुरकुर करतात. आणि पत्ता साउथ डकोटाचा घेतला म्हणून कॅलिफोर्नियातील घराच्या भाड्यावरचा कॅलिफोर्नियाचा कर चुकत नाही. मिळकत जेथे, तेथे कर.

आपल्याकडील वाचकांच्या मनात पहिला प्रश्न येईल तो भाडेकरू घर सोडील का, हा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने गोठलेली भाडी आणि पागडीच्या चाळी पाहिलेल्यांना तो पडणे साहजिक आहे. टेक्सासमध्ये करार बहुधा एक वर्षाचा असतो, भाडे थकले तर तीन दिवसांची नोटीस आणि मग स्थानिक न्यायाधीशापुढे दावा. पण मालकावरही बंधने आहेत. घर रिकामे झाल्यावर ३० दिवसांत अनामत परत करावी लागते, आणि आरोग्यास बाधक बिघाड कळवल्यावर सात दिवस ही दुरुस्तीची वाजवी मुदत मानली जाते. मालक तेव्हा वाळवंटात असो की डोंगरात.

मालक दूर असला की काय होते, याचा आम्हाला स्वतःला अनुभव आहे. आम्ही एक गोदाम भाड्याने देऊन त्याची देखरेख ओळखीच्या एका गृहस्थांवर सोपवली होती. पावसाळ्यात छताचा पत्रा उडाला. भाडेकरूने त्यांना सांगितले, त्यांनी आम्हाला पंधरा दिवसांनी. तोवर भाडेकरूच्या तीस गाठी भिजून गेल्या होत्या आणि भरपाई आमच्या गळ्यात पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये अभूतपूर्व थंडी पडली, वीज गेली, घरोघरी पाण्याचे नळ गोठून फुटले. मामेभाऊ तेव्हा गावातच होते. रात्री स्वतः जाऊन त्यांनी दोन्ही घरांचे मुख्य नळ बंद केले आणि एका घराची लाकडी जमीन वाचली. आम्ही त्यांना एवढेच विचारले, "तुम्ही क्वार्ट्‌झसाइटला असता तर ती चावी कोणी फिरवली असती?" फोनवर बराच वेळ शांतता होती.

विम्याकडेही पाहावे. मालक राहतो म्हणून काढलेली पॉलिसी घर भाड्याने दिल्यावर तशीच चालू ठेवली तर नुकसानीच्या वेळी कंपनी हात वर करू शकते. भाड्याच्या घराची पॉलिसी निराळी असते. गाडीचेही तसेच. सुट्टीत वापरण्याच्या गाडीचा विमा वेगळा, बारा महिने राहणाऱ्यांचा वेगळा. कर्जाचे कागदही वाचावेत, कारण स्वतः राहण्यासाठी म्हणून दिलेल्या कर्जात बहुधा किमान एक वर्ष राहण्याची अट असते. वृद्धांसाठीचा सरकारी वैद्यकीय विमा ६५ व्या वर्षी मिळतो. मामेभावांना अद्याप आठ वर्षे बाकी आहेत आणि खासगी विम्यातील बहुतेक डॉक्टर आपल्याच भागापुरते असतात, दुसऱ्या राज्यात आजारी पडले तर तातडीच्या उपचारापलीकडे खिशातून भरा.

भाड्यावरच ज्याची चूल पेटते त्याने २०२० साल विसरू नये. मार्च-एप्रिलमध्ये साथीमुळे कित्येक सरकारी उद्याने व तळ बंद झाले, चाकांवर राहणाऱ्यांना गाडी उभी करायला जागा मिळेना. सप्टेंबर २०२० पासून ऑगस्ट २०२१ पर्यंत, भाडे देण्यास असमर्थ असल्याचे लेखी देणाऱ्या भाडेकरूंना घराबाहेर काढण्यास केंद्राच्या आरोग्य खात्याच्या आदेशाने मनाई होती. म्हणजे तळही बंद, भाडेही बंद, आणि स्वतःच्या घरात परत जावे तर तेथे भाडेकरू.

ज्यांच्या मिळकती महाराष्ट्रात आहेत अशा अमेरिकावासी बांधवांसाठी एक टीप. तुम्ही गाडीत राहा की बंगल्यात, तेथील रहिवासी या नात्याने इकडच्या फ्लॅटचे भाडेही तेथील विवरणात दाखवावे लागते, आणि येथील भाडेकरूने अनिवासी मालकाला भाडे देताना कर कापून सरकारात भरायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसते, मालकानेच सांगावे.

मामेभावांनी अखेर गाडी विकत घेतली नाही. तीन महिन्यांसाठी भाड्याने घेतली. दोन्ही घरे एका परवानाधारक मॅनेजरकडे दिली, ५०० डॉलरपर्यंतची दुरुस्ती त्याने न विचारता करावी, वरची विचारून, असे लेखी ठरवले. राहते घर कुलूपबंद ठेवायचे, पण फार दिवस रिकाम्या राहिलेल्या घराला विम्याचे संरक्षण कमी होते असे कळल्यावर पुतण्याला तेथे झोपायला सांगितले. निघताना मुख्य नळाची चावी कोठे आहे, ते त्याला दोनदा दाखवले.